गाडी रात्रीत बसली, म्हणून दांडी फिरवू नका

हा भाग ऐकायला जमला नसेल, घाटात रेंज गेली असेल किंवा इअरफोन घरी राहिला असेल, तर हा त्याचाच मजकूर. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.

मी नांदगावातून बोलतोय. नाशिकचं नांदगाव नव्हे हां, आणि मुरूडजवळचंही नव्हे. आपलं कणकवली तालुक्यातलं, तिठ्याचं नांदगाव. मुंबई-गोवा हायवे आणि देवगडहून फोंडाघाट उतरून-चढून निपाणीला जाणारा रस्ता इथे भेटतात. रात्री साडेदहानंतर इथल्या टपरीवर उभं राहिलात तर गोव्याकडच्या स्लीपर बस एकामागून एक येताना दिसतील. बस थांबते, दार उघडतं आणि खालून "फुस्स" असा आवाज येतो. माणसं बॅगा घेऊन उतरतात, आणखी एक "फुस्स". आजचा भाग त्या फुस्सवर आहे.

मी बसच्या गॅरेजात काम शिकलो, आजही तेच करतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये एकच गोष्ट विचारली आहे: एअर सस्पेन्शनच्या गाडीची उंची वाढवता येते का, आणि कशी? विचारणारे दोन प्रकारचे. एक, बस चालवणारे किंवा बसवर क्लीनर असलेले. दुसरे, ज्यांच्या घरी गणपतीला मुंबईहून मोठी एसयूव्ही येते आणि खळ्याच्या चढावर तिचं पोट घासतं. दोघांनाही उत्तर देतो, पण आधी बस. बस कळली की मोटार आपोआप कळते.

लाल एसटीतून सगळेच फिरलोय. साध्या एसटीला खाली पाटे असतात, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या. सकाळची पहिली गाडी देवगडकडे रिकामी निघाली की मागच्या सीटवरचा माणूस सीटवर कमी आणि हवेत जास्त असतो. तीच गाडी बाजाराच्या दिवशी खचाखच भरली की किती मऊ चालते! याचं कारण सरळ आहे. पाटे भरलेल्या गाडीचा विचार करून केलेले असतात, त्यांचा कडकपणा बदलत नाही. वजन कमी असलं की ते जास्त कडक वाटतात. शिवाय गाडी भरली की खाली दबते, रिकामी झाली की वर उचलते. उंची वजनावर अवलंबून.

एअर सस्पेन्शनमध्ये पाट्यांच्या जागी रबराच्या जाड पिशव्या. कंपनीच्या पुस्तकात त्यांना बेलो म्हणतात, गॅरेजात आम्ही बलून म्हणतो. बऱ्याच बसना पुढे दोन आणि मागे चार असतात. या पिशवीचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकंच आहे. समजा बलूनचा कामाचा व्यास २५ सेंटिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ झालं साधारण ४९० चौरस सेंटिमीटर. आत ४ बार दाब असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४ किलो. गुणाकार करा: जवळजवळ दोन टन. एक पिशवी, दोन टन. आता ४५ प्रवासी आणि त्यांचं सामान मिळून साडेतीन टन धरा. ते सहा बलूनांवर वाटलं तर प्रत्येकावर सहाशे किलोच्या आसपास, म्हणजे दाब सव्वा बारने वाढवला की काम झालं. गाडी त्याच उंचीवर, आणि दाब वाढल्यामुळे पिशवी त्या प्रमाणात कडकही झाली. त्यामुळे रिकामी असो की भरलेली, बस जवळपास एकाच लयीत झुलते. एअर बसमध्ये झोप लागते ती यामुळे. एसीमुळे नव्हे, एसी तर हल्ली सगळ्यांतच असतो.

आता महत्त्वाचा प्रश्न. दाब किती वाढवायचा हे कोण ठरवतं? ड्रायव्हर नाही. चाळीसेक माणसं चढली म्हणून तो काही बटण दाबत नाही.

ठरवतो एक छोटा व्हॉल्व्ह. लेव्हलिंग व्हॉल्व्ह. मुठीएवढा असतो, चासीला बोल्ट केलेला. त्याला एक आडवा हात असतो, आणि त्या हाताच्या टोकाला एक उभी दांडी जोडलेली असते, लिंक रॉड. दांडीचं खालचं टोक अॅक्सलला. एवढंच. माणसं चढली, चासी खाली आली, पण अॅक्सल तिथेच राहिला. मग दांडी त्या हाताला वर ढकलते, व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली हवा बलूनमध्ये जाते, चासी वर येते, हात पुन्हा आडवा होतो, व्हॉल्व्ह बंद. माणसं उतरली की उलटं: चासी वर उचलते, हात खाली झुकतो, जास्तीची हवा बाहेर. तेच तुमचं फुस्स. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, वायर नाही. विहिरीवरच्या टाकीतला फ्लोट ज्या अकलेवर चालतो, त्याच अकलेवर हा चालतो.

एक बारकावा. हा व्हॉल्व्ह मुद्दाम मंद असतो. प्रत्येक खड्ड्याला तो उघड-बंद झाला तर हवा वाया जाईल आणि गाडी डुलेल. म्हणून मधली थोडी जागा मोकळी ठेवलेली असते, त्या हालचालीला तो दाद देत नाही. फोंडाघाटातल्या वळणावर बस कलते तेव्हा तिला सावरायचं काम मुख्यतः अँटीरोल बार आणि शॉकअप करतात, हा व्हॉल्व्ह नाही.

आणि संख्या बघा. चार कोपरे असूनही बहुतेक बसना व्हॉल्व्ह तीनच. एका अॅक्सलवर दोन, दुसऱ्यावर एक. का? तीन पायांचं स्टूल कधी डगमगत नाही, चार पायांचं टेबल डगमगतं, खाली कागदाची घडी घालावी लागते. तसंच. चार व्हॉल्व्ह लावले तर ते एकमेकांशी भांडत बसतील: हा वर उचलेल, तो सोडेल, समोरासमोरचे दोन कोपरे फुगतील आणि उरलेले दोन रिकामे होतील. तीन बिंदूंनी पातळी ठरते, चौथा फक्त वाद घालतो.

तर मग उंची वाढवायची कशी, याचं उत्तर तुम्हाला कळलंच असेल. लिंक रॉडवर आटे असतात किंवा क्लॅम्प असतो. दांडी १० मिलिमीटर लांब केली, तर हात आडवा व्हायला चासीला १० मिलिमीटर जास्त वर यावं लागतं. गाडी उचलली गेली. (दांडी थेट अॅक्सलवर नसून मागे जाणाऱ्या आर्मवर बसवली असेल तर हे प्रमाण बदलतं, तेवढं लक्षात ठेवा.) एक पाना, दोन मिनिटं. इतकं सोपं आहे, आणि सोपं असल्यामुळेच घोटाळा आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. गोव्याहून आलेली बस जेवणासाठी हायवेच्या हॉटेलवर थांबली होती. चाळीस मिनिटांनी ड्रायव्हर बाहेर येऊन बघतो तर मागचा डावा कोपरा खाली बसलेला, टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाईना. त्यांनी इंजिन सुरू केलं, हळूहळू गाडी वर आली, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली आणि त्यांनी फोन केला. मी पोचलो. ड्रायव्हर कुडाळकडचे, पन्नाशीचे. म्हणाले, "झिला, तो रॉड चार आटे फिरव आणि सोड माका. सकाळी पनवेलाक पोचूक व्हया." आत बत्तीस प्रवासी. मी म्हटलं, "काकानू, पाच मिनटां द्या."

ती पाच मिनिटं कशासाठी हवी होती ते नीट ऐका, कारण हे तुम्हाला कुठेही कामाला येईल. गाडी बसण्याचे दोन प्रकार. इंजिन बंद असताना बसते आणि चालू केल्यावर पुन्हा आपल्या उंचीवर येते, तर हवा कुठेतरी गळतेय. इंजिन चालू, टाकी भरलेली, तरीही एक कोपरा खालीच राहतो, तर शंका दांडीवर, तिच्या सांध्यावर किंवा व्हॉल्व्हवर घ्यायची, किंवा गळती फारच मोठी आहे. काकांची बस पहिल्या प्रकारची होती. चालू केल्यावर ती बरोबर आपल्या उंचीवर आली. म्हणजे दांडीची लांबी अगदी बरोबर होती! व्हॉल्व्ह प्रामाणिकपणे काम करत होता, गळती होती तेवढी हवा भरून काढत होता. जो माणूस नीट काम करतोय त्यालाच आपण दमात घ्यायला निघालो होतो.

बादलीत साबणाचं पाणी केलं, ब्रशने लावत गेलो. बलूनच्या घड्या, वरची प्लेट, पाइपचे जोड. डाव्या बलूनकडे जाणारा नायलॉनचा पाइप जिथे युनियनमध्ये घुसतो, तिथे फेस फुगायला लागला. पाइपचं टोक घासून चिरलं होतं. हवा सोडली, दोन सेंटिमीटर टोक सरळ कापून टाकलं, पुन्हा घुसवलं, साबण लावला. फेस शांत. एकूण पंचवीस मिनिटं. रॉडला हात लावला नाही.

समजा लावला असता तर? चार आटे फिरवून दांडी लांब केली असती, गाडी त्या कोपऱ्यात जास्त वर गेली असती, आणि गळती तशीच. कॉम्प्रेसर थांबलाच नसता. आता कॉम्प्रेसर थांबणं का गरजेचं, ते बघा. टाकीत दाब साधारण ८ ते १० बारला पोचला की कॉम्प्रेसरचं भरणं थांबतं, आणि त्या क्षणी एअर ड्रायर आत साठलेलं पाणी बाहेर फेकतो आणि स्वतः कोरडा होतो. आपल्याकडे जुलैची हवा म्हणजे ओला टॉवेलच. दाब कधी पूर्ण होतच नाही, तर ड्रायर पाणी फेकत नाही, ते पाणी पुढे टाक्यांत, व्हॉल्व्हमध्ये, आणि ब्रेकच्या लाइनमध्ये जातं. हो, ब्रेकच्या. बसचे ब्रेकही त्याच हवेवर चालतात. सस्पेन्शनची गळती ब्रेकची हवा पूर्ण ओढून नेऊ नये म्हणून मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो, ब्रेकचा हक्क पहिला. पण ओल्या हवेला तो अडवत नाही.

ब्रेकचं अजून एक नातं आहे, आणि ते मला सगळ्यात गंभीर वाटतं. एअर सस्पेन्शनच्या अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे बलूनमधल्या दाबावरून ठरतं. दाब जास्त म्हणजे गाडी भरलेली, मागे ब्रेक जोरात लावा. दाब कमी म्हणजे गाडी रिकामी, हलका लावा, नाहीतर चाकं जाम होऊन घसरतील. हुशार व्यवस्था आहे. पण बलून गळून गाडी खालच्या रबरी स्टॉपवर टेकली असेल, तर बलूनमध्ये दाब नाही आणि आत माणसं मात्र बत्तीस. ब्रेकला वाटतं बस रिकामी आहे. अशी बस घेऊन तुम्ही रात्री परशुराम घाट उतरताय, असं डोळ्यांसमोर आणा. म्हणून बसलेली गाडी "हळूहळू नेतो" म्हणणाऱ्या ड्रायव्हरला मी नेहमी आधी ब्रेकबद्दल सांगतो, सस्पेन्शनबद्दल नंतर.

मुद्दाम उंच केलेल्या गाडीचंही सांगतो, कारण "चार बोटां वर काढून दी" हे वाक्य मी महिन्यातून दोनदा ऐकतो. एखाद्या गावात शिरताना स्पीडब्रेकरला घासते, म्हणून कायमची उंच हवी. अशा गाडीत शॉकअप आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो. खड्ड्यात चाक खाली गेलं की त्याला जायला जागाच नाही, धक्का शॉकअपच्या बोल्टवर येतो. पुष्कळ एअर गाड्यांत बलून जास्त ताणला जाऊ नये हे बघण्याचं काम शॉकअपच करतो. तो तुटला की बलून खालच्या प्लेटमधून उपटलाच म्हणून समजा. मागे इंजिन असलेल्या बसमध्ये प्रोपेलर शाफ्ट आखूड असतो, त्यामुळे थोड्या उंचीनेही त्याचा कोन बराच बदलतो, क्रॉस झिजतात, ऐंशीच्या पुढे तळ थरथरायला लागतो. मागची बाजू उंच झाली की हेडलाइट रस्त्यात घुसतात, पुढची झाली की समोरच्याच्या डोळ्यात. आणि उंच गाडी वळणात जास्त कलते, हे काही मी सांगायला नको.

आणि मुळात त्या कामासाठी कायमची उंची लागतच नाही. बऱ्याच बसच्या डॅशबोर्डवर उंची वाढवायचं बटण असतं. स्पीडब्रेकर, फेरीबोटीचा रॅम्प, पाण्याने भरलेला खोलगट भाग आला की गाडी हळू करून उचलायची, पलीकडे गेलं की सोडायची. शहरातल्या लो-फ्लोअर बसमध्ये याच्या उलट सोय असते. जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर फ्लोअर, आणि स्टॉपवर दाराकडची बाजू अजून खाली वाकते, म्हणजे आजीला पाय उचलावा लागत नाही. उंची बदलणं ही या सस्पेन्शनची रोजची सोय आहे. फक्त ती बटणाने बदलायची, दांडीने नाही.

मग दांडी केव्हा फिरवायची? बलून बदलला, व्हॉल्व्ह बदलला, रॉड वाकला म्हणून नवीन टाकला, अॅक्सलचं काम केलं, तेव्हा. आणि मोजून. कसं मोजायचं ते सांगतो, कारण यात अंदाज फार चालतो.

जागा सपाट हवी. आमच्याकडे तांबड्या मातीचा चौक असतो, तो डोळ्यांना सपाट दिसतो, पाण्याची बाटली आडवी ठेवली की कळतं किती सपाट आहे ते. सिमेंटचा कोबा बघा. सगळ्या टायरमध्ये बरोबर हवा. गाडी रिकामी. स्टिअरिंग सरळ. इंजिन चालवून टाक्या पूर्ण भरायच्या, कॉम्प्रेसर थांबल्याचा आवाज यायला हवा. मग गाडी पाच-सात मीटर पुढे-मागे करायची आणि ब्रेक दाबून न थांबवता अलगद थांबू द्यायची. चाकांना अडणी लावायची आणि हँडब्रेक सोडायचा. ब्रेक लागलेला असेल तर चाक फिरत नाही, सस्पेन्शन अडकून राहतं आणि माप खोटं येतं. दोन-तीन मिनिटं गाडीला तिची पातळी शोधू द्या.

मोजायचं कुठून? जमिनीपासून नाही, मडगार्डपासून नाही. बसच्या मॅन्युअलमध्ये दोन बिंदू दिलेले असतात, बहुतेक अॅक्सल आणि चासीच्या मधलं अंतर. तेच मोजायचं. टायर जुना असो नवा असो, त्या मापात फरक पडत नाही. आकडा कंपनीचा, तुमचा किंवा माझा नाही. फरक आला तर क्लॅम्प सैल करून दांडी थोडी हलवायची, पुन्हा थांबायचं, पुन्हा मोजायचं. आणि नेहमी एकाच बाजूने यायचं: आधी थोडी हवा सोडून गाडी खाली घ्यायची, मग तिला स्वतःहून वर येऊ द्यायची. व्हॉल्व्हमध्ये ती मोकळी जागा असते म्हणालो ना, त्यामुळे वरून खाली आलेली गाडी आणि खालून वर आलेली गाडी वेगवेगळ्या मापावर थांबते. दोन माणसांनी मोजून वेगवेगळे आकडे यायचं कारण पुष्कळदा हेच असतं, टेप चुकीची नसते. ज्या अॅक्सलवर दोन व्हॉल्व्ह आहेत तो आधी घ्या, डावी-उजवी सारखी करा, मग एकच व्हॉल्व्ह असलेला अॅक्सल. आणि शेवटी पुन्हा पहिला तपासा.

आपल्या किनाऱ्यावर एक जास्तीची गोष्ट बघावी लागते. दांडीच्या दोन्ही टोकांना छोटे सांधे असतात. खारी हवा, त्यात मासळीच्या ट्रकमधून रस्त्यावर सांडलेलं मिठाचं पाणी टायरने उडतं ते थेट तिथे. सांधा गंजून घट्ट झाला की हात नीट वर-खाली होत नाही, गाडी एखाद्या दिवशी उंच आणि एखाद्या दिवशी खाली. लोक रॉड फिरवत राहतात, आणि आजार सांध्यात असतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तेवढे सांधे हाताने हलवून बघा, दहा सेकंदांचं काम.

आता थांबून एक गोष्ट सांगतो, ती ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही. साबण लावायलासुद्धा नाही. वर सांगितलेलं प्रत्येक काम, मोजणं असो, रॉड असो, पाइप असो, चासीला लोखंडी स्टँड लावल्यावर किंवा पिटमध्ये उतरून. तेही पिटमध्ये बाजूला राहून, चासी आणि अॅक्सलच्या मध्ये हात-डोकं न घालता. का? रॉडचं एक टोक सोडलं की व्हॉल्व्हचा हात खाली पडतो. तो खाली पडला म्हणजे व्हॉल्व्हला वाटतं गाडी फार वर आहे, आणि तो बलून रिकामा करतो. गाडी बसायला काही सेकंद लागतात, आणि पाटे असलेल्या गाडीसारखी ती थोडीशी दबत नाही, स्टॉपपर्यंत पूर्ण खाली येते. दहा-बारा टन. टायर आणि मडगार्डमधली जागा, चासी आणि अॅक्सलमधली जागा, जिथे तुमचं डोकं होतं, ती उरतच नाही. चुकून पाइप निघाला तरी तेच. जॅक लावलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. जॅक अॅक्सलखाली असेल तर अॅक्सल वर राहील आणि चासी त्याच्यावर येईल. काकांच्या बसला त्या रात्री पाच मिनिटं मागितली, त्यातली तीन स्टँड शोधण्यात गेली. हॉटेलच्या मागे एका ट्रकवाल्याकडे मिळाले. नसते मिळाले तर प्रवासी दुसऱ्या बसने गेले असते, मी खाली गेलो नसतो. गॅरेजात नवीन लागलेल्या पोरांना उस्ताद "पटकन बघ रे खाली" म्हणतात. पोरांनो, "आधी स्टँड" म्हणायला लाजू नका.

(इथे रेकॉर्डिंगमध्ये मागून मालगाडीचा भोंगा येतो. तो ठेवलाय, कारण पुढचा विषय तोच.)

हा भोंगा नांदगाव रोड स्टेशनचा. कोकण रेल्वेने २०२५च्या गणपतीला मोटारींसाठी रो-रो सुरू केली, २३ ऑगस्टपासून. कोलाड ते वेर्णा, एका मोटारीला ७,८७५ रुपये, वीस वॅगनवर प्रत्येकी दोन अशा चाळीस मोटारी. नंतर आपल्या नांदगाव रोडलाही थांबा मिळाला. मोटार वॅगनवर आणि माणसं त्याच गाडीला जोडलेल्या डब्यात. या मोटारींत एअर सस्पेन्शनवाल्या एसयूव्हीही असू शकतात, आणि तिथे आजचा विषय नव्या रूपात येतो.

मोटारीत दांडी आणि हात असतात, पण ते हवा सोडत नाहीत, फक्त सेन्सरला उंची सांगतात. सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर विजेचे व्हॉल्व्ह उघडतो. अशा काही गाड्या बंद असल्या तरी अधूनमधून जाग्या होतात, पातळी तपासतात आणि एखादा कोपरा बसला असेल तर बाकीचे त्याच्याबरोबर खाली घेतात. अंगणात ठीक आहे. पण गाडी बॉडीला पट्टे लावून बांधली असेल आणि रात्रीत दोन इंच खाली गेली, तर पट्टे सैल! म्हणून वाहतुकीत अशी गाडी चाकांना बांधायची, कारण चाकं उंची बदलली तरी हलत नाहीत. शिवाय बऱ्याच गाड्यांत ट्रान्सपोर्ट मोड किंवा जॅक मोड असतो, तो लावला की कॉम्प्युटर उंचीशी खेळत नाही. मॅन्युअल उघडा, त्यात असतं. पंक्चर काढताना जॅक लावण्याआधीही हेच. नाहीतर तुम्ही एक चाक उचलाल, गाडीला वाटेल तो कोपरा उंच झाला, आणि ती त्यातली हवा सोडायला लागेल.

खळ्याच्या चढावर पोट घासतं त्यांच्यासाठी: बटणाने उंची वाढवा, हळू चढा, वर पोचल्यावर नॉर्मल करा. वेग वाढला की गाडी स्वतःच खाली येते, ते बरोबरच आहे. ऑनलाइन बदलून लावायच्या दांड्या मिळतात, सेन्सरला फसवून गाडी कायमची उंच किंवा खाली ठेवणाऱ्या. बसमध्ये चार आटे फिरवणं आणि हे, एकच. फरक इतकाच की इथे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सगळं नॉर्मल दिसत राहतं. बलून बदलल्यावर उंची खरोखर सेट करायची असेल तर चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजून ते आकडे स्कॅनरने गाडीला सांगावे लागतात. त्याला स्कॅनरवालाच हवा.

ही कल्पना नवीन आहे असं समजू नका. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ साली पॅरिसमध्ये डीएस नावाची मोटार दाखवली. तिच्यात पाट्यांऐवजी दाबलेला वायू आणि तेल होतं. रात्री ती जमिनीला टेकून झोपायची आणि इंजिन चालू केलं की उठून उभी राहायची, अगदी आपल्या बसलेल्या बससारखी, फक्त तिचं ते दुखणं नव्हतं, स्वभावच होता. आणि परदेशात कशाला जाता? मुंबईची लोकल घ्या. डबा रिकामा असतो तेव्हा आणि सकाळी साडेआठला डोंबिवलीला भरतो तेव्हा, त्याच्या वजनात किती फरक! तिच्या डब्याखालीही हवेच्या स्प्रिंगा आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतात. इतकी माणसं चढूनही डब्याचा फ्लोअर प्लॅटफॉर्मच्या फार खाली जात नाही, तो त्यामुळे. दादरला उतरताना तुम्ही कधी त्या व्हॉल्व्हचे आभार मानले नसतील, मीही नाही मानले.

हा सीझन जवळ आलाय, म्हणून ज्यांच्या हातात बस आहे त्यांना एक घरगुती काम देतो. आज रात्री गाडी सपाट जागेवर लावा, टाकी भरलेली असताना. चारही चाकांच्या वर, टायरपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि मोबाईलवर फोटो काढा. इथे मडगार्ड चालतं, कारण आपल्याला कंपनीचा आकडा नको, फक्त रात्रीचा आणि सकाळचा फरक हवाय. सकाळी इंजिन चालू करण्याआधी पुन्हा मोजा. एक कोपरा दुसऱ्यांपेक्षा जास्त खाली आला असेल तर त्या बाजूला साबण. सगळे सारखे थोडे आले असतील तर काळजी नको, थंडीत हवा आकसते. टाक्यांचे ड्रेन व्हॉल्व्ह उघडून बघा, पाणी आलं तर ड्रायरचं फिल्टर बदलायची वेळ झाली. फोटो मला पाठवा. पाण्याचा फोटो आला तर पुढचा भाग ड्रायरवरच करतो.